भावाच्या आवाजाचा सेल

माझ्या थोरल्या भावाचा आवाज बोटाएवढ्या एका सेलवर चालतो. घशाच्या कर्करोगात त्याची स्वरपेटी काढावी लागली. तेव्हापासून तो नळकांड्यासारखे एक यंत्र गळ्याला टेकवतो, बटण दाबतो आणि ओठ हलवतो. यंत्र गुणगुणते आणि त्या गुणगुणण्यातून शब्द उमटतात. परक्याला तो भुंगा वाटतो. आम्हा घरच्यांना तो भाऊच वाटतो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर तो सेल दगा देऊ लागला. रात्रभर चार्जिंगला लावूनही सकाळचा चहा होईतो आवाज बसायचा. कंपनीचा सेल मागवला असता तर यायला महिना लागला असता, आणि धुळ्याची बैठक तर रविवारी होती.

बैठक भावाच्या मुलीच्या लग्नाची होती. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मुलाकडच्यांना लग्न याच तिथींत उरकायचे होते. तसे झाले असते तर तिची परीक्षा बुडाली असती, आणि एकदा बुडालेली परीक्षा सासरी जाऊन कोण देते? भावाने तिला शब्द दिला होता, की 'लग्न परीक्षेनंतरच' हे बैठकीत तो स्वतः सांगेल.

मी म्हणालो, "भाऊ, ते माझ्यावर सोड." मी कचेरीच्या फाटकाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो. शाळा आठवीत सुटली, तरी अर्ध्या जिल्ह्याचे गाऱ्हाणे माझ्या हातून शुद्ध होऊन साहेबांपुढे गेले आहे. पण भाऊ यंत्र गळ्याला लावून म्हणाला, "नही. तू गोड बोलशी, नि हो म्हनी टाकशी. मन्ही पोर शे. मीच बोलसू."

मला ते लागले. परंतु सेल शोधण्याची जबाबदारी मी घेतली.

जळगावच्या बाजारात जुना सेल घेऊन गेलो. त्याच्यावरची अक्षरे घासून गेली होती. दुकानदाराने प्रथम घड्याळाचा पेन्सिल सेल शेजारी उभा केला. उंची तीच, जाडी तीच. मी तोच बांधायला सांगितला, तर तो हसला. "नाना, दिसायला जुळे भाऊ आहेत, पण हा दीड व्होल्टचा आणि तुमचा लिथियमचा, पावणेचार व्होल्टचा. हा यंत्रात घातला तर यंत्र मुकं राहील. तुमचा घड्याळात घातला तर घड्याळ जळेल."

मग त्याने लिथियमचे दोन सेल पुढे ठेवले. एकावर सोनेरी अक्षरांत भला मोठा आकडा छापलेला होता, दुसऱ्यावर राखाडी अक्षरांत लहानसा. जेवढा आकडा मोठा, तेवढा वेळ सेल चालतो, एवढे मला समजले. माझे सगळे आयुष्य लिहिलेल्यावर विश्वास ठेवण्यात गेले आहे. आमच्या व्यवसायात जे कागदावर छापून, शिक्का होऊन आले ते खरे. तोंडी बोलण्याला किंमत नाही. दुकानदार काहीतरी सांगू पाहत होता. त्याला थांबवून मी सोनेरी सेल घेतला.

पिंप्राळ्यात भावाच्या घरी तो यंत्रात घातला. भाऊ खणखणीत बोलला, पुतणी हसली. जेवणे होईपर्यंत आवाज बंद.

दुसऱ्या दिवशी जुना आणि सोनेरी सेल खिशात टाकून, भावाचे यंत्रही बरोबर घेऊन मी ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्याच्या दुकानाच्या परवान्याचे अर्ज मीच लिहितो. मनात एवढेच होते, की या गावात खऱ्याखोट्याचा निवाडा शेवटी काट्यावर होतो.

"नाना, आता सेल तोलायचे?" सराफ म्हणाला. "याला हॉलमार्क नसतो हं."

जुना, मरू घातलेला सेल त्याने काट्यावर ठेवला. मग सोनेरी. सोनेरी बराच हलका भरला.

"पोकळ दागिना," सराफ म्हणाला. "वर मुलामा, आत लाख."

आकडा मोठा आणि वजन कमी. मी बराच वेळ त्या छापील आकड्याकडे पाहत उभा राहिलो. एवढ्या स्वच्छ अक्षरांत कोणी खोटे छापू शकतो, याची मला भीती वाटली.

तिथून बाजारात जाऊन राखाडी सेल आणला आणि तोलला. तो जुन्याच्या जवळपास भरला. पण आता दुसरा फरक दिसला. जुन्याच्या डोक्याला टिकलीसारखा उंचवटा होता, नव्याचे डोके सपाट होते. यंत्रातल्या पत्र्यापर्यंत ते पोहोचत नव्हते. सराफाने चांदीचा एक चपटा मणी मध्ये बसवून दिला. भाऊ त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोलत होता.

रविवारी धुळ्यात आमच्या बहिणीच्या घरी बैठक भरली. रीतीप्रमाणे मुलगी आतल्या खोलीत, पुरुष बाहेर सतरंजीवर. मुलाच्या मामांनी तिथी सुचवली. भावाने यंत्र गळ्याला लावले.

"लगीन... परीक्षा..."

आणि आवाज तुटला. मणी सरकला होता. भावाने यंत्र झटकले, पुन्हा लावले. नुसते ओठ हलत राहिले.

"व्याह्यांचा रेडिओ लागत नाही वाटतं," मामा म्हणाले. दोघेतिघे हसले. मामा माझ्याकडे वळले. "नाना, तुम्हीच सांगा. तुम्ही कचेरीतले."

माझ्याकडे वाक्य तयार होते. "आमचे म्हणणे एवढेच, की उभय पक्षांच्या सोयीने..." मी सुरू केले, आणि भावाने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेने मी पुढचे शब्द गिळले.

तेवढ्यात पडदा सरकला. पुतणी बाहेर आली आणि सगळ्यांच्या देखत बापाशेजारी बसली. तिने यंत्राचे झाकण काढले, मणी जागेवर बसवला, झाकण लावले आणि ते मुठीत घट्ट धरून ठेवले. तिच्या मुठीसकट यंत्र गळ्याला लावून भावाने बटण दाबले.

"लगीन परीक्षानंतर," तो म्हणाला. "पोर शिकी लेवो. मंग."

कोणी हसले नाही. मामांनी टोपी उचलली. "कळवतो," म्हणाले.

फोन माझ्याकडे आला, कारण फोनवर भावाचे बोलणे कोणाला समजत नाही. मामा म्हणाले, "मुलगी बैठकीत येऊन बसते, नाना. आमच्यात चालत नाही. आपण इथेच थांबू." विनवणीची, दिलगिरीची, पुनर्विचाराची कितीतरी वाक्ये मला पाठ आहेत, असे नकार मी लोकांसाठी फिरवून आणले आहेत. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. ते योग्य केले की नाही, हे अजून मला ठरवता आलेले नाही.

पिंप्राळ्यात गेलो तेव्हा भाऊ ओट्यावर बसला होता. माझा चेहरा पाहून त्याने यंत्राचे झाकण अंगठ्याने दाबून धरले. "त्या काय बोलनात?"

"नको म्हणाले."

"नि तू काय बोलना?"

"नुसतं 'बरं' म्हणालो."

पुतणी दवाखान्यात ड्यूटीवर होती. तिला अजून काही माहीत नव्हते. भाऊ उठला, यंत्रातला सेल काढला, मणी खिशात जपून ठेवला आणि सेल चार्जिंगला लावला. ती आल्यावर जे सांगायचे ते तो स्वतःच सांगणार होता.