रक्त जुळवणारा माणूस

चहाचा काचेचा पेला हातात आला की ते गृहस्थ तो आधी खिडकीच्या उजेडाकडे धरीत, किंचित तिरका करीत, पुन्हा सरळ करीत, आणि मगच ओठांना लावीत. आमच्या वाचकमंडळात नव्याने आलेल्याला वाटे, चहात काही पडले असावे. कोणी विचारलेच तर ते संकोचून हसत. "न्हाई हो, सवय हाय. दिवसभर नळ्याच बघतो ना."

ते परभणीतल्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे रक्त नळीत एकत्र करायचे, नळी तिरकी करायची आणि गुठळी धरते का ते पाहायचे, हे त्यांचे जवळजवळ तीस वर्षांचे काम. गुठळी धरली तर ते रक्त त्या रोग्याला द्यायचे नाही. आपणही अशी माणसे पाहिली असतील. एकच काम आयुष्यभर केल्याने ज्यांची नजर सगळीकडे त्याच रीतीने फिरते. बाजारात भाजी घेतानाही ते जुडी उजेडात धरीत, आणि कोणी घाई केली की म्हणत, "थांबा, ताडून बघू द्या."

मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक. देवळाच्या सभागृहात आमचे मंडळ महिन्यातून एका दुपारी जमे. सर्वांनी एकच पुस्तक वाचून यावे आणि प्रत्येकाने उभे राहून आपले मत सांगावे, अशी पद्धत होती. वयाने वडील म्हणून अध्यक्षपद माझ्याकडे आले होते, आणि मी समारोपाचे बोललो की चर्चा संपे.

एका महिन्यात इंग्रजांच्या राणीच्या काळातली, माणसांचे रक्त पिऊन जगणाऱ्या सरदाराची ती गाजलेली कादंबरी भाषांतरात वाचायची ठरली. देवळात बसून असले पुस्तक वाचावे की नाही, याविषयी माझ्या मनात किंतु होता. पण वाचून टाळावे, न वाचता टाळू नये, असे मानून मी होकार दिला.

चुडावा स्टेशनात अनेक वर्षे काढलेले निवृत्त स्टेशनमास्तर सर्वांत आधी उठले. "भूत असून आगगाडीचं टाइमटेबल वाचतं हो ते! आमच्या स्टेशनात माणसंसुद्धा वाचत नव्हती." सभागृह हसले. मग शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या बाई उठल्या. "सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं त्यातल्या एका पोरीनं टाइप करून ओळीनं लावली. आणि ऐन वेळी पुरुषमंडळी तिला म्हणतात, तुम्ही आता विश्रांती घ्या. नेमकं तेव्हाच ते भूत तिला गाठतं. तिलाच विचारलं असतं, तर पुस्तक निम्म्यात संपलं असतं." मी म्हणालो, की बोलावल्यावाचून त्या पापाला घराचा उंबरठा ओलांडता येत नाही, एवढी एक गोष्ट मला मननीय वाटली.

शेवटी ते उठले. पुस्तकात खूण म्हणून एसटीचे तिकीट घातलेले होते. त्यांनी ते पान उघडले, पण वाचले नाही.

"त्या टाइपवालीची मैत्रीण आधी मरते ना, तिला भुतानं न्हाई मारलं," ते म्हणाले.

त्यांनी बोटाने तिकीट पानाच्या कडेशी सरळ केले.

"रोज तिचं रक्त कमी व्हायलंय म्हणून चौघांचं रक्त तिच्यात घातलं. होणारा नवरा, दोन डॉक्टर आन् एक दोस्त. तगडा हाय, जीव लावतो, झालं, घाला त्याचं. जुळतंय का, ते एकानंसुद्धा बघितलं न्हाई."

"अहो, त्या काळी रक्ताचे गट कुठं माहीत होते?" स्टेशनमास्तर म्हणाले.

"म्हणून तर म्हणायलोय. त्यांचा दोष न्हाई. पण मला भुताचं भ्या वाटलं न्हाई, ह्या चौघांचं वाटलं. लय चांगली माणसं हायेत ती. चांगल्या माणसाला आडवं कोण जाणार?"

मी अध्यक्ष या नात्याने समारोप केला, की कादंबरी ही कादंबरी म्हणून वाचावी. प्रेमाने दिलेल्या रक्ताला गट नसतो. टाळ्या पडल्या. ते पुस्तक मिटून खाली बसले. "तुमी म्हणता ते बरोबर असंल, गुरुजी."

त्यानंतर दिवाळी होऊन गेली. माझी सून पालमच्या शाळेत शिकवते. एरवी ती एसटीने जाते. त्या दिवशी बस चुकली म्हणून दुचाकीने निघाली आणि वाटेत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धडकली. तिला परभणीच्या रुग्णालयात आणले. पोटाच्या आत रक्त वाहत होते. ऑपरेशन तातडीने करायचे होते आणि त्यासाठी रक्त हवे होते.

मुलाने फोनवर मला विचारले, "बाबा, हिचा रक्तगट काय?"

मी देवासमोरून उठून कपाट उघडले. लग्न जुळवताना आलेले परिचयपत्रक मी जपून ठेवले होते. त्यात गोत्र, नक्षत्र, नाडी, गण यांच्याखाली छापले होते: रक्तगट बी पॉझिटिव्ह. ती पत्रिका मी स्वतः तीन दिवस बसून जुळवली होती. मी गट सांगितला, कागद खिशात घातला आणि रिक्षाने थेट रक्तपेढी गाठली. पाठोपाठ मुलगा तिच्या रक्ताची नळी आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीवर मी सांगितलेलाच गट होता.

ते खिडकीशी होते. मला पाहून उभे राहिले, नळी घेतली आणि म्हणाले, "बसा, गुरुजी."

"बसायला वेळ नाही. बी पॉझिटिव्ह आहे. ही पत्रिका पाहा. तीन दिवस बसून मी स्वतः जुळवली आहे."

"पत्रिका तुमी तीन दिवस जुळवली असंल. मला घंटाभर तरी द्या."

काचेपलीकडे ते वाकून काम करताना दिसत होते. नळी उजेडात गेली, तिरकी झाली, सरळ झाली. पुन्हा तिरकी झाली. मग दुसरी. मुलाचा फोन वाजला. तिचा रक्तदाब उतरत होता. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"कागदावर बी हाय. नळीत ए यायलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे कागद चुकला, न्हाई तर नळीच दुसऱ्या कुणाची हाय. कोणतं चुकलं ते मला माहीत न्हाई. दुसरा नमुना लागंल. कुणालाही चालतं ते ओ गटाचं रक्त आज शिल्लक न्हाई."

"काका," मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "ती टेबलावर आहे. पुन्हा जाऊन यायचं म्हणजे अर्धा तास."

तेव्हा मी आवाज चढवला. अध्यक्षाचा आवाज. "तिच्या वडिलांनी लिहून दिलेले आहे. बाप मुलीविषयी खोटे लिहील काय? बी पॉझिटिव्हची पिशवी तुमच्या फ्रीजमध्ये आहे. ती द्या. मी सांगतो आहे. जबाबदारी माझी."

ते आत गेले. त्यांनी फ्रीजचे दार उघडले, हात आत घातला आणि पाठमोरे तसेच उभे राहिले. मला वाटले, हा मनुष्य आता तिथेही काही ताडून पाहत बसणार. माझा संयम सुटला. आयुष्यभर जी वाणी मी जपली, तिच्यातून शब्द गेले:

"तुमच्यापेक्षा त्या कादंबरीतले चौघे बरे. त्यांनी निदान रक्त दिले तरी!"

ते वळले. चेहरा पांढरा पडला होता.

"आन् ती पोरगी गेली, गुरुजी."

त्यांनी फ्रीजचे दार लावले. बाहेर येऊन माझ्याकडे न पाहता मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "पळ. तुझ्या डोळ्यासमोर तिचं रक्त काढून घे. नळीवर नाव तिथंच लिहायचं, तिच्याजवळ उभा राहून. इथं येऊन न्हाई."

मुलगा धावला. मी बाकावर बसून नामस्मरण करू लागलो. पण मोजणी पुन्हा पुन्हा चुकत होती. ते आतल्या बाजूला उभे होते.

मुलगा दुसरा नमुना घेऊन आला. त्यातही ए पॉझिटिव्हच निघाला. कागद चुकला होता. मग त्यांनी ए गटाची पिशवी काढली, तिच्यातले रक्त सुनेच्या रक्ताशी ताडले आणि घड्याळाकडे एकदाही न बघता पुरता वेळ घेतला. पिशवी खिडकीत आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, "हे कोणाचे रक्त आहे?"

तो प्रश्न मी कृतज्ञतेने विचारला, की जन्मभराच्या सोवळ्याने, हे मला आजही निश्चित सांगता येत नाही.

"पिशवीवर नंबर असतो, गुरुजी. नाव नसतं," ते शांतपणे म्हणाले. "तो वाचा. मोठ्यानं. मी चिठ्ठीवर बघतो."

मी आकडे वाचू लागलो. चौथ्या आकड्याला माझी जीभ अडखळली.

"पुन्हा पहिल्यापासून."

मी पुन्हा वाचले, पुन्हा अडखळलो. कितीतरी स्तोत्रे न अडखळता म्हणणारा मी, सात आकडे तिसऱ्या खेपेस धड वाचू शकलो. त्यांनी चिठ्ठीवर खूण केली, पिशवी पेटीत ठेवली आणि मुलाच्या हाती दिली.

सून वाचली. महिनाभर अंथरुणावर होती, मग हळूहळू शाळेत जाऊ लागली. माझे व्याही तिला भेटायला आले तेव्हा मी परिचयपत्रक त्यांच्यापुढे ठेवून विचारले, की हा गट लिहिला कोणी. ते खाली मान घालून म्हणाले, "छापखान्यात तेवढा एकच रकाना रिकामा राहिला होता. पोरीचा कधी तपासलाच न्हवता. म्हणून माझाच सांगितला. म्हणलं, बाप-लेकीचं रक्त एकच असतंय की." त्यांच्यावर रागवावे, असा अधिकार मला उरला नव्हता.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत क्षमा मागायची, असे मी ठरवले होते. ते आले, नेहमीच्या जागी बसले. मी जवळ जाऊन "त्या दिवशी" एवढेच म्हणालो, तर त्यांनी दोन्ही हात जोडले. "सूनबाई बऱ्या हायेत ना? मग झालं." पुढे दोन वर्षे दर महिन्याला भेट होत राहिली, आणि माझे वाक्य अर्धेच राहिले.

गेल्या उन्हाळ्यात रक्तदान शिबिराच्या कामाला जाताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते गेले होते.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या कार्याला, मी सूनबाईला घेऊन त्यांच्या घरी गेलो. बुद्धवंदना होऊन गेली होती, माणसे पांगत होती. सून बाहेर त्यांच्या लेकीपाशी बसली. मी त्यांच्या पत्नीसमोर बसलो आणि दोन वर्षे राहिलेले वाक्य पूर्ण केले. म्हणालो, "मी त्यांना फार कठोर बोललो होतो. ते डगमगले नाहीत, म्हणून माझे घर राहिले."

त्यांनी पदर सावरला.

"डगमगले होते, गुरुजी."

"म्हणजे?"

"त्या दिवशी घरी आले ते नुसते हात धूत ऱ्हायले. जेवले न्हाईत. म्हणले, गुरुजींचा शब्द मला मोडवंना. फ्रीजमधी हात घातला, ती चुकीची पिशवी धरलीसुद्धा होती. काढून देणारच होतो."

"मग थांबले कशाने?"

"तुमी रागानं काईतरी बोललाव म्हणे. पुस्तकातल्या चौघांचं. ते ऐकलं आन् हातातली पिशवी सुटली, म्हणले. गुरुजी तेवढं बोलले नसते, तर मीच पाचवा झालो असतो, म्हणले."

खोलीत आणखी कोणी नव्हते. बाहेर सून त्यांच्या लेकीला शाळेतली कसलीशी गंमत सांगत होती. ती मुलगी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसली असावी, कारण दारातल्या बायका वळून पाहू लागल्या. मग सून आत आली, कोपऱ्यातली माझी काठी उचलून तिने माझ्यापुढे धरली.

"बाबा, चला. ऊन वाढायलंय."

मला लगेच उठता आले नाही.