सहा वाजता धरलेला नेम

भावना गजभियेच्या बोलण्यात, कोणी विचारो न विचारो, एनसीसी येतेच. वर्ध्याच्या कॉलेजात असताना ती कॅम्पमधली सगळ्यात पक्क्या नेमाची कॅडेट होती. तिच्या गोळ्यांची भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली होती आणि पंजाबातल्या हवालदारसाहेबांनी सगळ्यांसमोर तिला शाबासकी दिली होती. लग्न झालं, नवऱ्यामागे ती बहारीनला आली, इथेच एका कंत्राटदार कंपनीच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळायला लागली, उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये संसार जुना झाला. गोष्ट मात्र रोज ताजी. भाकरी थापताना हात थांबवून ती हवालदारसाहेबांची नक्कल करायची, "छह बजे पकड़ो, आधा साँस छोड़ो, घोड़ा खींचो मत, दबाओ!" आणि पिठाच्या बोटाने हवेत घोडा दाबायची.

तिची मुलगी श्रावस्ती दहावीत. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

"मम्मी, नॉट अगेन," म्हणून ती कानात इअरफोन घालायची. भावना हसून भाकरी उलटायची, पण ते तिला लागायचं. या पोरीच्या लेखी आपण म्हणजे 'जेवलीस का' आणि 'फोन ठेव' एवढंच बोलणारी बाई, असं तिला वाटायचं.

अशात कंपनीने रिफाच्या पुढे वाळवंटात असलेल्या एका शूटिंग क्लबात नेमबाजीची स्पर्धा ठरवली. क्लबच्या मालकाला परदेशातल्या शिकारीची भारी हौस. म्हणून निशाणही तसंच, पन्नास मीटरवर उभं असलेलं पुरुषभर उंचीचं कागदाचं हरीण आणि त्याच्या छातीवर बशीएवढा काळा गोल. टीम जमवायचं काम पुण्याच्या सलील इंजिनिअरकडे होतं. तो सरळ भावनाच्या टेबलाशी आला.

"मॅडम, तुम्ही एनसीसीचं सांगत असता ना? तुमचं नाव टाकलंय."

भावनाने लगेच होकार दिला. घरी येऊन चप्पल काढायच्या आत तिने बातमी सांगितली.

"काय वं," तिचा नवरा सुजीत सोफ्यावरून म्हणाला, "पंचशील घेतलं ना तू? जीव घ्यायचा नाही, ते पाणातिपाता विसरली काय?"

"अवो, कागदाचं हरीण आहे ते! कागदाले कुठं जीव असते?"

"मंग ठीक आहे. जखमी झालं त डिंकानं चिकटवू."

श्रावस्तीने फोनमधून डोकं वर काढलं. "मम्मी, यू? विथ अ रियल गन?" ती 'रियल' शब्द ज्या सुरात म्हणाली, तो भावनाने बरोबर टिपला. तिला कप नको होता, पदकही नको होतं. पोरीने एकदा, एकदाच, आपल्या डोळ्यांनी बघावं की आई थापा मारत नव्हती. तेवढ्यासाठी ती वाळवंटात लोळायलाही तयार होती.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर सराव होता. नियम असा की सरावात जी बंदूक आणि तिच्यावरची नेम धरायची जी साइट निवडाल, तिला तुमच्या नावाची चिठ्ठी बांधायची आणि शनिवारी तीच चालवायची. क्लबचा उस्ताद अर्शद, रावळपिंडीकडचा माजी फौजी, त्याने टेबलावर दोन रायफली मांडल्या. एक हलकी, लाकडी दस्त्याची, मागे खाच आणि पुढे सुई अशी साधी साइट असलेली. दुसरी जड, काळी, वर दुर्बीण बसवलेली.

"मॅडम, डोळे मिटून दुर्बीणवाली घ्या," सलील म्हणाला. त्याने आठवडाभर बंदुकांचे व्हिडिओ बघितले होते आणि ते आता त्याच्या तोंडून बाहेर पडत होते.

पण भावनाचा हात लाकडी रायफलीकडे गेला. हुबेहूब कॅम्पमधली! तो तेलाचा वास, गालाला लागणारं ते गार लाकूड. ती चटईवर पालथी झोपली, टाचा जमिनीला टेकवल्या, आणि तिला वाटलं आपण परत अठरा वर्षांच्या झालो. डोळ्यांना तसं वाटलं नाही. चष्मा लावला तर सुई स्पष्ट, पण हरीण धुक्यात. चष्मा काढला तर हरीण ठळक, सुई गायब. लाव, काढ, लाव, काढ. शेवटी तिने अंदाजाने गोळ्या झाडल्या आणि हरणाला साधा ओरखडाही आला नाही. मागची वाळू मात्र ठार झाली.

मग तिने नाइलाजाने काळी रायफल ओढली. दुर्बिणीतून बघते तर काय, हरीण दारात येऊन उभं! त्याला मिशा रंगवल्या असत्या तर मोजता आल्या असत्या. आतल्या बारीक फुलीकडे बघत तिने श्वास अर्धा सोडला आणि घोडा दाबला. एक, दोन, तीन. सगळी भोकं एकमेकांना चिकटून, पण सगळी गोलाच्या तळाच्या कडेवर. मधोमध एकही नाही. पुन्हा झाडल्या. पुन्हा तेच.

"दुर्बीण हलली असणार," सलीलने निदान केलं.

अर्शदने रायफल घेतली, एक गोळी झाडली. गोलाच्या ठीक मधोमध. भावनाचे कान तापले. रुपयाचं नाणं, शाबासकी, सगळं खोटं पडतंय की काय, अशी भीती तिला पहिल्यांदाच वाटली.

"मॅडम, ग्रुप तो कमाल का है, सारी गोलियाँ एक ही जगह," अर्शद हळूच म्हणाला. "एम कहाँ ले रही हैं?"

"छह बजे. और कहाँ?"

अर्शदने कपाळावर हात मारला आणि असा हसला की शेजारच्या चटईवरचा माणूस दचकला. "मेरे उस्ताद भी यही रटवाते थे! सरहद के दोनों तरफ़ घड़ी एक ही है, मॅडम!"

मग त्याने समजावलं. साध्या साइटची सुई काळी आणि गोलही काळा. मधोमध धरली तर काळ्यात काळं हरवतं. म्हणून ती गोलाच्या तळाशी, घड्याळात सहाचा आकडा असतो तिथे टेकवायची, आणि बंदूकच अशी लावलेली असते की गोळी थोडी वर जाऊन मधोमध बसते. दुर्बिणीत ही भानगड नाही. फुली जिथे, गोळी तिथे.

म्हणजे भोकं अगदी जिथे नेम धरला तिथेच पडली होती! भावनाला हसूही येईना आणि रडूही. काळ्या रायफलीला तिने आपली चिठ्ठी बांधली आणि घरी या फजितीबद्दल अवाक्षर काढलं नाही. इतकी वर्षं मिरवलेला मंत्र चुकला, हे त्या पोरीला सांगायचं? मुळीच नाही.

शनिवारी सुजीतने गाडी काढली. श्रावस्ती मागे इअरफोन घालून, चेहऱ्यावर उपकार. वाऱ्यात हरणं फडफडत होती, मंडपात चहाचा घमघमाट होता.

पहिल्या गोळीला हाताने घात केला. मनाने ठरवलं मध्ये, पण बोट दाबताना फुली सवयीने खाली घसरली आणि भोक तळाला पडलं. जित्याची खोड! भावनाने मनातल्या हवालदारसाहेबांना हात जोडले, "साहेब, आजच्या दिवस सुट्टी घ्या," आणि फुली उचलून गोलाच्या पोटात ठेवली. ठाप! मधोमध. पुन्हा ठाप! सलील मागे नाचत होता, सुजीत "अरे वा, अरे वा" करत होता, आणि भावनाला आता वारा, माणसं, वय, काहीच जाणवत नव्हतं. एका गोळीने पहिला नंबर गेला, तिसरा आला. तिने तिसऱ्या नंबरावरच अशी आरोळी ठोकली की लोकांना तीच जिंकली असं वाटलं.

तिने वळून बघितलं. श्रावस्तीची खुर्ची रिकामी होती.

पोरगी शवर्मा घेऊन रमतगमत आली. "लाइन वॉज क्रेझी. डिड यू विन?"

"तिसरी," भावना म्हणाली. तिचा आनंद एका क्षणात विझला. एवढं सगळं केलं आणि जिच्यासाठी केलं ती रांगेत उभी होती.

स्पर्धा संपल्यावर घरच्या मंडळींनाही एकेक गोळी झाडायला मिळणार होती. "यल्ला, बेटी, आ जाओ," अर्शदने हाक मारली. नको नको म्हणत, बापाने ढकलल्यावर श्रावस्ती गेली. आईच्याच रायफलीमागे ती पालथी झोपली. पाय फाकवले, टाचा जमिनीला टेकवल्या. भावना बघतच राहिली. हे तिला कोणी सांगितलं? पोरीची पाठ हळूच खाली गेली आणि तिथेच थांबली. अर्धा श्वास सुटला होता.

ठाप.

अर्शदने दुर्बीण डोळ्याला लावली, भावनाकडे बघितलं, मग श्रावस्तीला विचारलं, "एम कहाँ लिया, बेटी?"

"छह बजे," श्रावस्ती म्हणाली. मग आईकडे वळून, चक्क मराठीत, "मम्मी, तूच सांगते ना नेहमी? का, चुकलं काय?"

छातीवरच्या गोलाच्या ठीक तळाशी एक भोक पडलं होतं. भावनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच दमात हसूही फुटलं. इअरफोन घातलेल्या त्या कानांत प्रत्येक शब्द गेला होता.

"चुकलं," ती चटईवर पोरीशेजारी पालथी होत म्हणाली. "परवा माझंबी असंच चुकलं. सरक तिकडे, सांगतो तुले."

श्रावस्ती सरकली.