शहरबानू खालाच्या घरावरची पाटी

ज्या बाईचं मीठ खाल्लं, तिचंच घर माझ्या नवऱ्याने घालवलं. हे मी सासरी-माहेरी सगळ्यांना सांगते. त्याला आवडत नाही, नको आवडू दे.

शहरबानू खालाचं बेट दुबईच्या पुढे, रास अल खैमाच्या किनाऱ्यासमोर. चाळीसेक घरं, एक मशीद, होड्या आणि घरोघरी फारसी. तिचे आजोबा पलीकडच्या, इराणच्या किनाऱ्यावरून आलेले. नवरा समुद्रात गेला, मूलबाळ नाही. मासळी वाळवून, विकून तिने वडिलांच्या घराला पुढे दोन खोल्या काढल्या होत्या.

२००७ मध्ये या बेटाचं शहर करायला एक कंपनी आली आणि तिच्याबरोबर साइट इंजिनिअर म्हणून गुणवंत, माझा नवरा. ऑफिसला जागा हवी होती. खालाने पुढच्या खोल्या उघडून दिल्या. भाड्याचं विचारलं तर भडकली, "मेहमान से किराया? शरम नहीं आती?" त्या बेटावर पाहुण्याकडून भाडं घेणं म्हणजे तोंड काळं करून घेणं. कंपनीने दारावर आपली पाटी ठोकली. पाहुण्याने खुंटीला शर्ट अडकवावा तशी तिने ती ठोकू दिली.

पुढच्या वर्षी मंदी आली. साहेबलोक रातोरात पळाले, पगार थांबले, आमच्या फ्लॅटला कुलूप लागलं. गुणवंत, मी आणि आमची लेक आभा खालाकडे येऊन राहिलो. वर्षभर तिने आम्हाला पोसलं. मी मासे खात नाही म्हणून माझ्यासाठी वेगळी डाळ शिजवायची. कधी जाणार, असं तिने चुकूनही विचारलं नाही.

मग पैसा परत आला, कंपनी परत आली, गुणवंतला मॅनेजरच्या हाताखाली बढती मिळाली. पूल झाला, टॉवर उभे राहिले. जुनी घरं मालकांकडेच ठेवायची, असं ठरलं होतं. खालाच्या घरावर मात्र कंपनीने हक्क सांगितला. पाटी आमची, भाडं कधी दिलं नाही, म्हणजे घर आमचंच! निर्लज्जपणाला काही सीमा?

चौकशीला सरकारी अधिकारी खालाच्या घरीच आला; आम्ही तिघंही तिथे होतो. आला तो पाहुणा, म्हणून खालाने सगळ्यांना जेवायला बसवलं. कंपनीच्या मॅनेजरलासुद्धा.

अधिकाऱ्याने गुणवंतला विचारलं, "इंजिनिअर, तुम इधर रहा. घर किसका?"

गुणवंतने मॅनेजरकडे पाहिलं.

"बाबा, टेल हिम! इट्स खालाज् हाउस!" आभा म्हणाली.

"सर," गुणवंत म्हणाला, "फ्रॉम डे वन ये साइट ऑफिस ही था."

"खोटं बोलतोय हा!" मी ओरडले. "झूठ है, सर! हम यहाँ मेहमान थे!"

मॅनेजर हसला. "मॅडम इमोशनल हो गयी हैं."

"खलास," म्हणून अधिकाऱ्याने फाइल मिटली.

खाला उठली. गुणवंतचा घास हातातच होता. तिने त्याच्या पुढ्यातून थाळा ओढला आणि दाराबाहेर वाळूत भिरकावला.

"ऑफिस है ना? ऑफिस में खाना नहीं मिलता. निकल!"

महिन्याभरात घर पाडलं. तिथे आता क्लबहाउस आहे. खाला दुबईला, देरा भागात भाचीकडे राहते.

गुणवंत अजून म्हणतो, "काही झालं तरी चार लोकांत ताट ओढायला नको होतं तिने." तिचं घर गेलं, आणि याला स्वतःचं ताट आठवतं! त्या दिवसापासून मी त्याला वाढत नाही. भूक लागली की उठतो आणि आपलं आपण घेतो.