उताणं ग्लायडर

रिमोटवर उडणाऱ्या माझ्या ग्लायडरला मी हौसेनं फ्लॅप बसवले. रिमोटची चकती जितकी फिरवावी, पंखामागच्या पट्ट्या तितक्याच खाली झुकणार आणि ग्लायडर सावकाश उतरणार, असा बेत. जोडणी पंखाच्या पोटाशी असते, म्हणून जुन्नरात मित्राच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ते टेबलावर उताणं ठेवलं होतं. चकती फिरवली. पट्ट्या टेबलाकडे झुकल्या. मी खूश.

"भाऊ, सुलटं करून बगा एकदा," मित्र म्हणाला.

"मोटारी भरणाऱ्यानं मला विमान शिकवू नये," मी खेकसलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डिंभे धरणाच्या काठी गेलो. ग्लायडर उतरायला आलं. खाली पाणी, पुढं थोडंसं गवत. चकती जराशी फिरवली, तर ते हवेतच एकदम खाली खचलं. घाबरून आणखी फिरवली, आणखी खचलं.

"सोडा ती चकती!" मित्र ओरडला. मी हट्टानं शेवटपर्यंत फिरवली.

ग्लायडर काठावर आपटलं आणि कोलांटी खाऊन उताणं पडलं. धावत गेलो. पट्ट्या जमिनीकडे झुकलेल्या होत्या, अगदी टेबलावर दिसल्या तशा.

मित्रानं ग्लायडर सुलटं केलं. पट्ट्या आभाळाकडे होत्या.