संघपालने बसवलेला पंप

१९ मे २०२४. गाडीत दोघे होते, एक राहिला.

जो राहिला त्याचे नाव संघपाल. किन्हीराजा फाट्यावर त्याचे गॅरेज आहे, तीन बाजूंनी पत्रे आणि समोरून उघडे. तो मूळचा कारंजा तालुक्यातल्या धनजचा. वडिलांचे आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात गेले. यंत्राचे शिक्षण घेतलेला त्या घरातला तो पहिला. आयटीआय झाल्यावर पुण्याजवळच्या एका कार्यशाळेत त्याने काही वर्षे जवळजवळ केवळ गिअरबॉक्स उघडले आणि जोडले. टाळेबंदीत ते काम सुटले आणि तो परतला. फाट्यावरच्या दोन जागा आडनाव सांगितल्यावर हातच्या गेल्या. तिसऱ्या जागेच्या मालकाने आडनाव विचारले नाही. किन्हीराजाच्या कडेच्या वस्तीवर त्याने बिऱ्हाड केले.

किन्हीराजाच्या दौलतरावांचा मुलगा पवन हा त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक. दौलतरावांची सोयाबीन आणि तुरीची मोठी शेती होती. पवनचे मन मात्र एका जुन्या डिझेल गाडीत होते. त्याने तिला मोठा टर्बो बसवला आणि पुण्याहून इंजिनाची ताकद वाढवून आणली. त्या दिवसापासून, या गाडीचे नाव घरात काढायचे नाही, असे दौलतरावांनी बजावले. पवनने ते पाळले. परिणामी त्याच्या दिवसाचा अर्धा भाग अशा ठिकाणी जाऊ लागला, ज्याविषयी त्याच्या घराला काहीच ठाऊक नव्हते.

ते ठिकाण म्हणजे संघपालचे गॅरेज. दोघे तिथे एका डब्यातून जेवत. पवनच्या घराची ओसरी मात्र संघपालने कधी पाहिलेली नव्हती. या नात्याला काय म्हणावे हे दोघांनीही ठरवले नव्हते, आणि ठरवण्याची गरज पडू नये अशी काळजी दोघेही घेत.

अडचण अशी होती की इंजिनाची ताकद वाढली तरी गिअरबॉक्स मूळचाच राहिला होता. वाढीव जोर सोसताना त्यातले तेल इतके तापे की पातळ होऊन दातांवर आणि बेअरिंगवर टिकत नसे. एक गिअरबॉक्स असा जळून गेला. दुसरा बसवताना संघपालने उपाय काढला. गिअरबॉक्सच्या तळाच्या भोकातून गरम तेल खेचायचे, पुढच्या जाळीमागे बसवलेल्या छोट्या कूलरमधून फिरवून थंड करायचे, आणि वरच्या भोकातून परत आत सोडायचे. कूलर भंगारातल्या एका मोटारसायकलचा मिळाला. प्रश्न उरला पंपाचा. गरम तेलासाठी बनवलेला पंप परदेशातून मागवावा लागला असता, आणि पवनला तो येण्याआधीच नागपूरला अशा गाड्यांच्या मेळाव्याला पोहोचायचे होते.

मे महिन्यात फवारणीचे पंप रिकामे असतात. पाठीवर घेऊन फिरायच्या त्या बॅटरीच्या पंपांच्या तळाशी औषध ढकलणारा एक लहान मोटरपंप असतो, तो बारा व्होल्टवर चालतो. गाडीची बॅटरीही तेवढ्याचीच. पवनने घरच्या गोठ्यातला एक पंप उचलून आणला.

"संघपाल्या, हे सोयाबीनले फवारते. गाडीले काय करन?"

"सोयाबीनले फवारते, तसंच गिअरले फवारन. पंपाले काय कळते, टाकीत काय हाये ते?"

"अन् बाबानं विचारलं, पंप कुठी गेला?"

"सांग, गाडीच्या पोटात गेला म्हणून."

"गाडीचं नाव काढलं तं मलेच फवारतीन ते."

दोघे हसले. टाकीच्या तळाचा मोटरपंप काढून गाडीत बसवला गेला. मालेगावपर्यंत आणि परत अशा बऱ्याच चकरा झाल्या. प्रत्येक चकरेनंतर संघपाल गाडीखाली शिरून गिअरबॉक्सच्या कवचाला हात लावून पाही. कवच गरम असे, पण हात टेकवता येई. पूर्वी तो टेकवता येत नसे. एवढ्यावरून त्याने उपाय यशस्वी मानला.

हा निष्कर्ष ज्या रस्त्यांवर काढला गेला ते रस्ते लक्षात घेतले पाहिजेत. मालेगावच्या वाटेवर गतिरोधक आहेत, बैलगाड्या आहेत, शाळा सुटते, शेळ्या आडव्या येतात. तिथे कोणतीही गाडी सलग फार वेळ सर्वांत वरच्या गिअरमध्ये राहू शकत नाही, आणि तेलाला निवायला उसंत मिळते. शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गावर चढले की ही उसंत संपते. आपल्या गावच्या रस्त्यांवर खरे ठरलेले ज्ञान या दोघांनी तसेच उचलून तिकडे नेले. असे करणारे ते एकटेच नव्हते.

त्या रविवारी, भर दुपारी, नागपूरच्या दिशेने जाताना पंपातले रबर तापलेल्या तेलाने फुगून फाटले. पंप तळातून तेल खेचतच राहिला आणि ते रस्त्यावर सांडत राहिला. तेल थंड करण्यासाठी जी वाट केली होती तिनेच ते बाहेर गेले. कोरडा गिअरबॉक्स भर वेगात जाम झाला, पुढची चाके अडकली आणि गाडी दुभाजकावर आदळली. पवन जागीच गेला. संघपालचा उजवा हात मोडला. पंचनाम्यात कारण अतिवेग असे लिहिले गेले, आणि तेही खोटे नव्हते.

इस्पितळातून सुटल्यावर संघपाल, पोलिसांची परवानगी घेऊन, गाडीचा सांगाडा पाहून आला. पंप सोबत घेऊन आला आणि डाव्या हाताने त्याने तो उघडला. तेल खेचणारी आतली रबराची चकती दुप्पट जाड झाली होती आणि मधोमध चिरली होती. त्यानंतर त्याला एकच गोष्ट करायची होती: हे दौलतरावांना स्वतःच्या तोंडाने सांगायचे.

त्याची बायको स्नेहा या विचाराच्या विरुद्ध होती.

"कोणी इचारून राह्यलं काय तुमाले?"

"नाही इचारत, म्हणूनच सांगाचं हाये."

"आपल्याले याच गावात राहाचं हाये. त्यायचा पोरगा आपल्या हातानं गेला, असं तुमच्याच तोंडून निंगालं, तं उद्या वस्तीवर काय येईन ते सांगता येते काय? काहून वढवून घेता?"

तिच्या भीतीत खोटे काही नव्हते. संघपाल दौलतरावांच्या घरी गेला नाही. त्या ओसरीवर पहिल्यांदा जाण्यासाठी हे निमित्त असावे, हे त्याला सोसवेना.

दौलतरावच गॅरेजवर आले. त्यांच्या घरात एक रीत आहे: गेलेल्या माणसाची किरकोळ देणी तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या, आत फेडायची, आणि ती घरच्या कर्त्याने स्वतः दारोदार जाऊन फेडायची. टायरवाला, पानटपरी, गावातले किराणा दुकान असे करत ते फाट्यावर पोहोचले. संघपालने पुढे केलेल्या स्टुलावर ते बसले नाहीत.

"हात कसा हाये?"

"बरा हाये, काकाजी."

"पवनकडे तुह्यं किती राह्यलं ते सांग. कामाचं, सामानाचं, सारंच."

"काही नाही राह्यलं."

"लपवू नोको. तो कोणाले वेळेवर देत नव्हता, मले म्हाईत हाये. टपरीवाल्याचं तं दिवाळीपासून होतं."

तेव्हा संघपालने पंप आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळे सांगितले: तेल कसे तापत होते, पंप कुठे बसवला, रबर कसे फाटले, चाके कशाने अडकली. आवाज न चढवता सांगितले, काही गाळले नाही. पंप कोणी आणला तेवढे मात्र सांगितले नाही.

दौलतरावांनी पंप हातात घेतला. बाजूला लाल रंगाने ओढलेली रेघ होती. दुरुस्तीला खोलला तर शेजाऱ्यांच्या पंपांत मिसळू नये म्हणून ती त्यांनी स्वतःच ओढली होती.

"हा तं आपल्या घरचा."

दौलतरावांनी ती चकती बाहेर काढली, बोटांत दाबून पाहिली.

"तेलकट औषध भरलं का याचं रबर असंच फुगते," ते म्हणाले. "गेल्या हंगामात असेच दोन पंप गेले माहे. गावातल्या कोण्याही पोराले विचारलं असतं तं त्यानं सांगतलं असतं. तुमी मले काहून नाही विचारलं?"

या प्रश्नाचे उत्तर दोघांनाही ठाऊक होते. पवनने विचारले असते तर गाडीचे नाव घ्यावे लागले असते. संघपालने विचारायचे तर त्या घरी जावे लागले असते. पवनला वाचवू शकणारी माहिती त्याच्याच घरात होती. तिच्याकडे जाण्याची एक वाट बापाने बंद केली होती आणि दुसरी त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून बंद होती.

"चूक माही हाये, काकाजी," संघपाल म्हणाला. "म्या बसवला."

"बसवला तू. पण तो विचारायले आला असता, तं म्या त्याले उभं केलं असतं काय? वर्ष झालं, म्या त्या पोराले 'कुठी चालला' म्हणूनसुद्धा पुसलं नाही." त्यांनी खिशातून पैसे काढले. "तुह्यी मजुरी घे. त्याच्या नावावर काही राहू देऊ नोको."

"त्या कामाची मजुरी मी कशी घेऊ?"

"मंग म्या तेरवी कशी करू?"

संघपालने डावा हात पुढे केला नाही. दौलतराव पैसे धरून तसेच उभे राहिले, मग ते परत खिशात ठेवून गावाच्या दिशेने चालू लागले. पंप त्यांनी सोबत नेला. त्यांनी तक्रार केली नाही, वस्तीवर कोणी आले नाही. ते पुन्हा गॅरेजवर आले नाहीत आणि संघपालला त्यांनी घरीही बोलावले नाही.

हात जुळल्यावर संघपालने गॅरेज पुन्हा सुरू केले. तो ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्या दुरुस्त करतो. इंजिनाची ताकद वाढवलेली गाडी आली तर परत पाठवतो. तेरवी ठरल्या दिवशी झाली. पवनची बाकी सगळी देणी तिच्या आत फिटली होती. संघपालची मजुरी राहिली आहे.