अमेरिकेची जकात

“आमची थोरली अमेरिकेची जकात गोळा करते,” असं अप्पा गावात सगळ्यांना सांगायचे. राहायला सिंगापूरला, जकात मात्र अमेरिकेची. ऐकणाऱ्याचा गोंधळ उडायचा आणि अप्पांना नेमकं तेच हवं असायचं.

मी फोनवर दर वेळी सांगायचे, “अप्पा, जकात नाही हो ती. विक्रीकर. जकात माल गावात शिरताना घेतात. हा कर गिऱ्हाइकाला लागतो, वस्तू विकत घेताना.”

“तेच ते. माल बाहेरून आला, गावानं आपलं घेतलं. झालं की.”

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. अप्पा महापालिकेच्या जकात नाक्यावर शिपाई होते. रस्त्यावरचा आडवा बांबू वर करायचा, खाली करायचा, ट्रकवर चढून ताडपत्री उचलायची आणि आत काय आहे ते वरूनच नाकेदाराला ओरडून सांगायचं. “वर गूळ, खाली सुपारी!” सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन जायचे तेव्हा हे ऐकायचे. अप्पांनी नुसता तळवा दाखवला की एवढा मोठा ट्रक फुसफुसत जागेवर थांबायचा. माझ्या वर्गात डॉक्टरांची मुलगी होती, वकिलाची होती, पण त्यांच्या वडिलांसाठी कुठं ट्रक थांबायचे?

मी कॉलेजला नाव घातलं त्या वर्षी अप्पांनी नाक्यावर पेढे वाटले. नाकेदारानं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, “पैलवान, शिकून पोरगी काय नाका चालवणार का?” सगळे हसले. अप्पाही हसले. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा मात्र हसत नव्हते.

पुढं जकातच बंद झाली. बांबू गेला, केबिनला कुलूप लागलं आणि अप्पांना पाणीपुरवठ्यात टाकलं. गल्लीगल्लीत फिरून व्हॉल्व्ह सोडायचे आणि बंद करायचे. घरात ते त्याला ‘बदली’ म्हणत, त्यापलीकडं कधी बोलले नाहीत. आता नाक्यावरची ती सगळी मंडळी निवृत्त झाली आहेत आणि संध्याकाळी बसतात ती त्याच बंद केबिनच्या कट्ट्यावर. नाकेदारही येतात. माझं काम काय हे अप्पांना पहिल्यांदा कळलं तेव्हा ते जेवण टाकून कट्ट्यावर गेले होते, असं आई सांगते. पोरगी नाका चालवते, आणि तोही अमेरिकेचा! त्यांना ‘जकात’ हाच शब्द का लागायचा, हे मला उशिरा समजलं. विक्रीकर म्हटलं असतं तर नाकेदाराला उत्तर झालं नसतं.

नाकेदारांना ते पटलं नव्हतं, हा भाग वेगळा. “जकात आपल्या डोळ्यांदेखत मेली, पैलवान. पोरगी कुठंतरी बिलं टाईप करत असणार. तू आपला भोळा.”

म्हणून गेल्या वर्षी अप्पा आमच्याकडं सिंगापुरात पुंगोलला आले तेव्हा त्यांची एकच मागणी होती. आई गुडघ्यांमुळं आली नव्हती. विमानतळावरून येताना टॅक्सीतच ते म्हणाले, “ते बागाबिगा राहू देत. मला तुझा नाका दाखव. आणि तिथूनच नाकेदारसाहेबांना व्हिडिओ कॉल लावून दे.”

पण दाखवू काय? मी बहुतेक दिवस घरूनच काम करते, आमच्या जेवणाच्या टेबलावर. पहिल्या दिवशी अप्पा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून समोरच्या खुर्चीत बसले. मी वाचत होते, टाईप करत होते, मध्येच कानाला फोन लावून इंग्रजीत कुणाशी तरी बोलत होते. बराच वेळ त्यांनी धीर धरला. मग हळूच विचारलं, “कधी सुरू होतं?”

“अप्पा, सुरूच आहे.”

“असं होय,” म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

चहा पिताना मी त्यांना नीट समजावलं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा विक्रीकर वेगळा. पूर्वी दुकान त्या राज्यात असेल तरच राज्य त्याला सांगू शकायचं, की गिऱ्हाइकाकडून कर घे आणि आमच्याकडं भर. लांब बसून इंटरनेटवर माल विकणारे सुटायचे. मग तिथल्या कोर्टानं सांगितलं, दुकान तिथं असायची गरज नाही. त्या राज्यात पुरेशी विक्री असली की विकणारा तिथं आहे असंच धरायचं. आता इथला एखादा दुकानदार तिकडं माल पाठवतो तेव्हा कुठल्या पत्त्याला, कुठल्या वस्तूवर किती कर लावायचा, हे आमचं सॉफ्टवेअर त्याच्या वेबसाइटला सांगतं. गिऱ्हाईक पैसे भरतं त्याच क्षणी.

“आणि गाडी?”

“कुठली गाडी?”

“मालाची. ती कुठं थांबते?”

“थांबत नाही, अप्पा.”

त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. माझी मुलगी शाळेतून आली तेव्हा त्यांनी तिला गाठलं. “तुझी आई नाका चालवते ना गं?” ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “मम्मी ओन्ली टाईपिंग लाह.” अप्पा माझ्याकडं असे बघायला लागले, जणू नाकेदारच घरात येऊन बोलला.

मग मी त्यांना ऑफिसला न्यायचं ठरवलं. एमआरटीच्या भुयारी मेट्रोतून बाहेरचं काही दिसत नाही म्हणून मुद्दाम बसनं निघालो. हायवेवर टोलची कमान आली. अप्पा सीटवरून अर्धे उठले. बस वेग कमी न करता खालून निघून गेली, ड्रायव्हरच्या पुढ्यातलं यंत्र एकदा टुंक वाजलं.

“घेतले?”

“घेतले.”

“माणूस कुठाय?”

मी बोट दाखवायला काही शोधलं आणि तेवढ्यात कमान मागं गेली.

ऑफिसात खालच्या सिक्युरिटीवाल्या बाईंनी त्यांना “अंकल, कम, कम” म्हणत छातीवर व्हिजिटरचा स्टिकर लावला. अप्पांनी तो तळव्यानं दोनदा दाबला. लिफ्टच्या आरशात बघून शर्टाची कॉलर सारखी केली. वर दार उघडलं, तर नुसती टेबलं. पांढरी, एकसारखी, ओळीनं. आमच्याकडं सगळे एका दिवशी येत नाहीत, त्या दिवशी तर कुणीच नव्हतं.

“आज सुट्टी आहे का?”

“नाही. सगळे घरून करतात.”

“तुझी जागा कुठली?”

“ठरलेली नसते. येईल तो बसेल तिथं.”

नाक्यावर अप्पांचं स्वतःचं स्टूल होतं. त्याचा एक पाय डगडगत होता, पण अप्पांशिवाय दुसरं कुणी त्याच्यावर बसत नसे.

निदान काम तरी दाखवावं म्हणून मी लॅपटॉप उघडला. “बघा हं, हे खोटं गिऱ्हाईक. अमेरिकेतला पत्ता. यानं चिक्की मागवली.” कळ दाबली, पडद्यावर कर आला. “आता शंकरपाळे.” दाबलं. कर शून्य.

अप्पा खुर्ची ओढून पुढं सरकले. “का बरं?”

“तिथं बऱ्याच राज्यांत गोळ्याचॉकलेटला कर आहे, खाण्याच्या वस्तूला नाही. आणि ज्यात पीठ आहे ते गोळ्याचॉकलेटात धरत नाहीत.”

“पीठ घातलं की माफ?” त्यांना फारच मजा वाटली. “मग बेसनाचा लाडू?”

“बेसन म्हणजे पीठच. माफ.”

“तिळाचा?”

“त्याला लागणार.”

“अरे वा!” अप्पांनी मांडीवर थाप मारली. त्या दिवसांतला तो एकच क्षण, जेव्हा आम्ही दोघं एका नाक्यावर होतो. मग त्यांनी विचारलं, “पण आत पीठ आहे हे बघतं कोण?”

“लेबलवर लिहिलेलं असतं.”

“डबा उघडत नाहीत?”

“नाही.”

“ताडपत्रीसुद्धा उचलत नाहीत,” ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

कॉल ठरल्याप्रमाणं लावला. गावाकडं कट्टा भरलेला होता, अप्पांनी सगळ्यांना सांगूनच ठेवलं होतं. पडद्यावर नाकेदारांची टोपी, मागं बंद केबिनचं शटर आणि त्याच्यापुढं तीन-चार ओळखीची तोंडं.

“काय पैलवान! दाखव नाका!”

अप्पांनी छातीवरचा स्टिकर दाखवला. मग उभे राहून फोन सावकाश फिरवला. टेबलं, खुर्च्या, काचा, काचेबाहेरच्या उंच इमारती.

“अरे, कुणीच नाही की तिथं!” नाकेदार ओरडले. मागचे हसले. “आमच्या केबिनसारखंच दिसतंय. कुलूप तेवढं लावायचं राहिलंय!”

अप्पांचा चेहरा तांबडा झाला. ते ताठ झाले आणि ट्रकवरून ओरडायचे त्याच आवाजात म्हणाले, “साहेब, माणूस लागतच नाही इथं! अख्ख्या अमेरिकेचा नाका, आणि एक माणूस लागत नाही!”

कट्ट्यावरचं हसणं थांबलं. अप्पा जिंकले होते. नाकेदार पडद्यातून बघत राहिले, मागची तोंडंही तशीच. अप्पांचा फोन धरलेला हात हळूहळू खाली आला, तसं तिकडच्यांना बहुतेक जमिनीवरचं कार्पेट दिसायला लागलं असणार. आपण काय बोललो, आणि कुणापुढं, ते अप्पांना तेव्हा ऐकू आलं, असं मला वाटतं.

मग नाकेदारच म्हणाले, “बरं. जेवलास का?”

“जेवायचंय अजून.”

“जेवून घे, पैलवान.” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या रांगेत, आम्ही डोसा खाल्ला. अप्पांनी स्टिकर काढला, घडी घालून खिशात ठेवला, टाकून दिला नाही. परतीच्या बसमध्ये ते खिडकीपाशी बसले. कमान आली, यंत्र वाजलं, ते समोर बघत राहिले. पुढचे दिवस छान गेले, ते नातीला घेऊन पाण्याच्या काठानं फिरले, एलआरटीच्या छोट्या रेल्वेत बसून उगाच गोल चकरा मारल्या. माझ्या टेबलासमोर मात्र पुन्हा येऊन बसले नाहीत. चहा आणून ठेवत आणि आवाज न करता जात.

मला कामाची लाज वाटत नाही. मी ते मेहनतीनं मिळवलंय आणि चांगलं करते. पण माझ्या शिक्षणासाठी ज्या माणसानं ट्रकवर चढून आयुष्य काढलं, त्याला दाखवता येईल असं त्यात काही नाही, ही गोष्ट मला त्याआधी कधी बोचली नव्हती. त्यांनी मला नाक्यावरून दूर पाठवलं आणि मी नाक्यावरच जाऊन बसले, फक्त अशा, जिथं त्यांना उभं राहायला जागा नाही.

आई सांगते, आता कट्ट्यावर कुणी विचारलं की अप्पा म्हणतात, “कंप्युटरवर असते.” एवढंच. नाकेदारही पुढं काही विचारत नाहीत.

मागच्या आठवड्यात मी फोनवर मुद्दाम म्हटलं, “अप्पा, आमच्याकडं आणखी एका राज्याची जकात आली बरं का.”



“विक्रीकर,” अप्पा म्हणाले. “जकात वेगळी.”