चौथ्या ओळीतलं नाव

ओडेसा टिलरीला रागीट म्हणणाऱ्यांनी तिच्या आईच्या केसपेपरवरचं वाक्य वाचलेलं नसतं. मी वाचलंय. तिने ते चौकटीत घालून आपल्या खोलीत लावलंय: 'रुग्ण सांगितलेलं ऐकत नाही.' बाईचा पाय गुडघ्याखाली कापला आणि डॉक्टरने कारण लिहिलं चार शब्दांत. ती बाई शाळेच्या स्वयंपाकघरात पहाटेपासून दोनशे पोरांचं रांधायची आणि तिला स्वतःला वेळेवर घास खायची सवड मिळत नव्हती, हे विचारावं असं एकालाही वाटलं नाही.

आमच्या अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या डेल्टात मधुमेह कोणी म्हणत नाही, 'साखर आहे' म्हणतात. आम्हा काळ्यांच्या वस्तीत घरटी एकाला आहेच. ओडेसाने वीस वर्षं नर्सचं काम केलं आणि ते चार शब्द शेकडो कागदांवर पाहिले. मग अडतिसाव्या वर्षी ती पुन्हा शिकायला लागली. औषध शोधणारे पुष्कळ आहेत. दिलेलं औषध माणसाच्या घरात, कामात, ताटात नेमकं कुठे अडतं, ते तिला शोधायचं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरेट घेऊन ती आमच्या विद्यापीठात आली. मी त्याच विभागाची सेक्रेटरी, बर्नाडीन. आम्ही दोघी एका शाळेतल्या, एका बाकावरच्या.

आमच्यातल्या नव्या संशोधक मुलींना घडवायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. पहिला महिनाभर मुलीला कॉम्प्युटरला हात लावू द्यायची नाही. डायलिसिसच्या बाहेरच्या बाकावर बसवायची. प्रश्न विचारायचा नाही, कोणी बोललं तर ऐकायचं. रविवारी चर्च सुटलं की तिच्या घरी तळलेला मासा, शिजवलेली हिरवी भाजी, मक्याची भाकरी. जेवताना कौतुक, आणि ताटं उचलली की लिखाणाची चिरफाड.

"हे वाक्य कोणासाठी लिहिलंस, बयो?"

"परीक्षकांसाठी, मिस ओडेसा."

"त्यांना कळेल. तुझ्या आईला कळेल?"

"आई म्हणेल, एवढं शिकली आणि कार्टीला सरळ बोलता येईना!"

"मग आईचं ऐक. लिही पुन्हा."

ही रेनिटा मोबली. तिची आई मासे कापायच्या कारखान्यात उभ्याने काम करते. तिथल्या बायांपैकी निम्म्यांना साखर. इन्सुलिन कपाटात, कपाट कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि जागा सोडायची तर मुकादमाची परवानगी. म्हणून दुपारचं इंजेक्शन राहून जायचं, आणि दवाखान्यात कागदावर उमटायचं की बाई ऐकत नाही. रेनिटाने नव्वद बायांशी बोलून हे पुराव्यानिशी मांडलं. पुढचा अभ्यास करायला तिला पाच वर्षांची सरकारी शिष्यवृत्ती हवी होती. मिळाली तर ती राहणार. नाही मिळाली तर तीस जूनला तिची नेमणूक संपणार, आणि नव्वद बायांचं म्हणणं खोक्यात जाणार.

मार्चमध्ये निकाल आला. थोडक्यात हुकली. अभ्यासाला परीक्षकांनी उत्तम म्हटलं होतं. खाली मात्र एक शेरा होता: 'विभागप्रमुखांचं शिफारसपत्र वाचून ते उमेदवाराला ओळखतात की नाही, अशी शंका येते.'

ही पत्रं गोपनीय असतात. उमेदवाराला दिसत नाहीत, प्रमुखांनी परस्पर पाठवायची. आणि परस्पर म्हणजे कोणी? मी. आमचे प्रमुख डॉ. व्हिटफील्ड कॅरवे सही करून माझ्या टेबलावर टाकतात आणि मी सरकारी वेबसाइटवर चढवते. ते पत्र मी न वाचता चढवलं होतं.

मी फाईल उघडली. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, 'डॉ. शॉन्टे हॉलिस अतिशय मेहनती आहेत.'

शॉन्टे सात वर्षांपूर्वी आमच्याकडे होती. तीही काळी, तीही ओडेसाने घडवलेली, तिलाही शिष्यवृत्ती मिळाली नव्हती. तिचं जुनं पत्र काढलं. तेच, शब्दन् शब्द तेच. मेहनती, हसतमुख, आपल्या समाजातली माणसं अभ्यासासाठी जमवायला फार उपयोगी. संशोधनाबद्दल एक अक्षर नाही. रेनिटासाठी वरचं नाव तेवढं बदललं, आणि चौथ्या ओळीतलं बदलायचेही कष्ट घेतले नव्हते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी जाते तर जाऊ दे म्हणून दोन्ही पत्रं छापली आणि ओडेसाच्या हातात दिली.

तिने दोन्ही शेजारी ठेवून वाचली. ओरडली नाही. रेनिटाला हाक मारली, मला म्हणाली, "बर्नी, चल," आणि आम्ही तिघी प्रमुखांच्या खोलीत शिरलो.

"अरेरे," कॅरवे चष्मा काढत म्हणाले. "ऑफिसची चूक दिसते." आणि माझ्याकडे पाहिलं.

"हिने फक्त पाठवलं," ओडेसा म्हणाली. "लिहिलं कोणी?"

"डॉ. टिलरी, एका नावाचा प्रश्न आहे. पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करता येईल."

"पुढच्या फेरीचा निकाल लागेपर्यंत पोरीची नोकरी कुठे आहे? बरं, नाव सोडा. ही कशावर काम करते, सांगा."

कॅरवेंनी रेनिटाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "वस्तीतल्या स्त्रियांचा... आहार. वजन वगैरे."

"तीन वर्षं तुमच्या शेजारच्या खोलीत बसते ही!"

"मला वाटतं, आपण जरा शांतपणे—"

"मी शांतच आहे. तुमच्या मोठ्या अभ्यासात चारशे घरं आहेत. एकेक दार माझ्या तोंडाकडे बघून उघडलंय. ही दोन पत्रं मी रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवीन. माणसं जमवायला उपयोगी, एवढंच ना आम्ही? मग जमलेल्या माणसांनाही कळू दे. पुढे त्यांची मर्जी."

तेवढ्यात रेनिटा बोलली. इतका वेळ ती भिंतीला टेकून उभी होती. "मला एक वर्षाची मुदतवाढ हवी. आणि सरकारी कार्यालयाला पत्र, चूक तुमची होती म्हणून. नवीन शिफारस तुम्ही स्वतः लिहायची. आज, इथे. मी काय करते ते मी सांगते, तुम्ही ऐका."

माणसाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बसले बापडे. पाऊण तास ऐकलं, लिहून घेतलं. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "कपाट जवळ का हलवत नाहीत?" रेनिटा म्हणाली, "हेच तर मला विचारायचंय, सर. पाच वर्षांची शिष्यवृत्ती तेवढ्यासाठीच मागतेय." मुदतवाढीवर सही झाली. त्यासाठी उपकार केल्यासारखं तोंड त्यांनी केलंच. माझी माफी मागितली नाही, आणि मी वाटही पाहिली नाही.

बाहेर आल्यावर मला वाटलं, ओडेसा खूश असेल. ती खुर्चीत बसली आणि तिने शॉन्टेचं पत्र पुन्हा हातात घेतलं.

"बर्नी, त्या पोरीच्या निकालावर काय शेरा होता, आठवतं? 'उमेदवाराच्या तयारीबद्दल खात्री वाटत नाही.' आणि मी, मी तिला सांगितलं, तुझं लिखाण कच्चं आहे. याच टेबलाशी बसवून सांगितलं. ती म्हणत होती, मिस ओडेसा, पुन्हा बघा ना, मला नाही तसं वाटत. मी म्हटलं, मोठ्यांचं ऐकायला शीक."

"तुला पत्र कुठे दिसलं होतं?"

"आईच्या डॉक्टरलाही काही दिसलं नव्हतं. त्याला मी तीस वर्षं शिव्या घालतेय."

मी शॉन्टेचा नंबर शोधून तिच्यासमोर ठेवला.

तिने शॉन्टेला फोन लावला. शॉन्टे आता मेम्फिसच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ओडेसाने फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं: पत्र काय होतं, नाव कसं राहिलं, दोष कोणाचा होता. "तुझं लिखाण कच्चं नव्हतं, पोरी. मी चुकीचं सांगितलं. मला क्षमा कर."

पलीकडे पोरांचा गलका ऐकू येत होता. मग दार लावल्याचा आवाज आला.

"मिस ओडेसा," शॉन्टे म्हणाली, "तुम्ही कच्चं म्हणालात ना, म्हणून दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तो प्रस्ताव पुन्हा लिहिते. सात वेळा झालाय लिहून. चूक काही सापडत नाही."